सुनेच्या नावाची माळ

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी देवाला जितक्या हाका मारल्या तितक्या जन्मात कधी मारल्या नव्हत्या, आणि एकाही हाकेला ओ आली नाही. त्यानंतरही रोज सकाळी आंघोळ झाली की मी देवाची हजार नावं म्हणत राहिले, रंगनाथस्वामीच्या देवळात जात राहिले, संध्याकाळी जपमाळ ओढत राहिले. पण खरं सांगायचं तर ते सगळं दात घासावेत तसं चाललं होतं. नाव घेऊन होतं तरी काय, हा प्रश्न मनात यायचा आणि मी तो तसाच गिळायची. आमच्या गल्लीत मला भाविक बाई म्हणून ओळखतात, आणि ती ओळख मोडून नवी उभी करायचं बळ आता माझ्यात उरलं नव्हतं. गुडघे दुखत होते, घर रिकामं होतं, आणि देवघरात समोर बसलेला देव माझ्यापेक्षा जास्त दमल्यासारखा दिसायचा.

मी वणीला राहते. पंचायत समितीत तीस वर्षं लिपिक होते, आता निवृत्त आहे. एकुलता एक मुलगा पोलंडला नोकरी करतो, आणि त्यानं तिथलीच मुलगी केली. मला वाईट वाटलं का, तर वाटलं. पण मुलगी समोर आली तेव्हा तिनं वाकून नमस्कार केला आणि मला 'आई' म्हणाली. तो शब्द ती विमानात बसल्यापासून घोकत आली होती, असं मुलानं नंतर सांगितलं. दोन अक्षरांच्या त्या शब्दात तिची जीभ कुठंच अडखळली नाही.

तिचं नाव अग्न्येश्का. आज मी हे सहज लिहिते आहे, पण तेव्हा मला ते उच्चारताही येत नव्हतं आणि उच्चारावं असं वाटतही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी लग्न आम्ही इथं पुन्हा आपल्या पद्धतीनं लावलं. लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून सुनेचं नवं नाव अंगठीनं लिहितात, तेव्हा मी आधीच ठरवून ठेवलेलं 'अनघा' मुलाकडून लिहून घेतलं. रोज म्हणते त्या हजार नावांतल्या 'अनघ'वरूनच ते निवडलं होतं, मला त्याचा फार अभिमान होता. शेजारच्या बायका म्हणाल्या, काय गोड नाव ठेवलं. सून हसली. तिला वाटलं हा लग्नातला एक विधी असेल, अक्षता टाकतात तसा, झाला की संपला. पण मी त्या दिवसापासून तिला अनघाच म्हणू लागले आणि साऱ्या नातेवाइकांकडूनही म्हणवून घेऊ लागले. एकदा ती भाजी निवडता निवडता हळूच म्हणाली, "आई, माझं नाव..." पुढचं मराठी तिला सुचेना. मी म्हटलं, "अगं, आमच्या जिभेला वळत नाही ते. राहू दे." तिनं राहू दिलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

या खेपेस दोघं आली, मुलगा तीन आठवड्यांनी परत गेला आणि ती माझ्याजवळ दोन महिने राहिली. तिला टोपल्या विणायची आवड. झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांत कोलाम आदिवासी बाया बांबूचं सुंदर काम करतात, ते शिकायचं म्हणून ती तिकडच्या एका गावात सहा दिवस राहून आली. पावसाळा सरत आला होता, तिकडं डास म्हणजे काय विचारता. मी मच्छरदाणी दिली होती, ती तिनं ज्या घरी राहिली तिथल्या बाळंतिणीला देऊन टाकली. परत आल्यावर हौसेनं मला एक वाकडीतिकडी टोपली दिली. दहा-बारा दिवसांनी, मंगळवारी सकाळी, ती उठलीच नाही. अंगाला हात लावला तर चटका बसला. दोन दुलया घातल्या तरी तिचे दात वाजत होते.

गावातलं एक खासगी हॉस्पिटल गाठलं. खिडकीवरच्या बाईनं पेशंटचं नाव विचारलं. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, अनघा, पुढं मुलाचं नाव, पुढं आडनाव. तिनं चिठ्ठी फाडून दिली. डॉक्टरांनी तपासलं, त्या चिठ्ठीवर रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, खालच्या मजल्यावर रक्त घेतलं. तेवढ्यात तिचा ताप इतका चढला की डॉक्टर म्हणाले, घरी नेऊ नका, भरतीच करा. भरतीच्या टेबलावर मात्र, पेशंट परदेशी आहे म्हटल्यावर, पासपोर्टची झेरॉक्स मागितली आणि वरच्या वॉर्डातली फाईल पासपोर्टवरच्या नावानं झाली. मी पाहिलं, सही केली, आणि फाईलवरचं ते लांबलचक इंग्रजी नाव जणू दुसऱ्या कुणाचं असावं तशी ती फाईल पुढं सरकवली.

वॉर्डात बाजूच्या खाटेवर मुकुटबनचे एक गृहस्थ होते, ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करणारे, पायाची जखम चिघळलेली. त्यांच्या उशाशी त्यांची बायको बसलेली, नाव जुबेदा. पन्नाशीची, ठसठशीत, सतत काहीतरी सोलत किंवा घडी घालत असलेली. तिच्या हातात मण्यांची तसबीह होती, माझ्या हातात तुळशीची माळ. तिनं एकदा माझ्या माळेकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली, बसमध्ये एकाच गावाला जाणारी माणसं हलवतात तशी. माझी बडबड ती ऐकत होती. "अनघा, पाणी घे." "अनघा, डोळे उघड." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "काकू, हे पोरगी कोठची हाय?"

मी सांगितलं.

"मंग तिचं तिच्या मायनं ठेवलेलं नाव काय हाय?"

मी म्हटलं, "आहे काहीतरी अवघड. आम्ही अनघाच म्हणतो."

जुबेदानं माझ्याशी वाद घातला नाही. ती सरळ सुनेच्या उशाशी गेली, कपाळावर हात ठेवला आणि हिंदीत विचारलं, बेटी, नाम क्या है. सून तेव्हा शुद्धीवर होती. तिनं सांगितलं. जुबेदानं म्हणून पाहिलं, चुकलं, पुन्हा विचारलं. सुनेला तापातही हसू आलं. चार-पाच वेळा झाल्यावर तिनं मान डोलावली. मग संध्याकाळभर नवऱ्याचे पाय चेपताना जुबेदा ते नाव पुटपुटत होती. मला, काय सांगू, थोडा रागच आला. या बाईला नसत्या चौकशा कशाला, असं वाटलं. मी माळ घेतली आणि तोंड भिंतीकडं केलं.

बुधवारी सकाळी डॉक्टर आले. गावात डेंग्यूची साथ होती, त्यामुळं तोच धरून उपचार चालले होते. पण सून आता उत्तरं नीट देत नव्हती, ते डॉक्टरांना आवडलं नाही. त्यांनी कालचा रक्ताचा रिपोर्ट मागितला. सिस्टरनं फाईल उलटीपालटी केली, खाली फोन लावला, आणि म्हणाली, "सर, ह्या नावाचा रिपोर्ट आला नाही."

मी म्हटलं, "अहो, काल माझ्या डोळ्यांदेखत रक्त घेतलं की."

"घेतलं असन काकू, पण ह्या नावानं नाही हाय."

ते वाक्य माझ्या कानावरून गेलं. मी ते ऐकलं आणि पुन्हा माळ ओढू लागले. पुन्हा रक्त घेतलं. पण बाहेरच्या लॅबमध्ये रक्त रोज सकाळी एकदाच जायचं आणि त्या दिवशीचं गेलेलं होतं, म्हणजे रिपोर्ट गुरुवारी. डॉक्टर म्हणाले, तोवर बघू. डॉक्टरांच्या 'बघू'चा अर्थ मी ह्यांच्या वेळेला शिकले होते. मुलाचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "थोडा ताप आहे, उतरतोय." इतक्या लांब बसलेल्या माणसाला उगाच घोर नको, असं आपलं सगळ्यांचंच असतं. तो म्हणाला, तिची आई विचारतेय. मी म्हटलं, सांग, बरी आहे.

दुपारी जेवणाच्या सुमारास सून बरळायला लागली. तिच्या भाषेत, घोगऱ्या आवाजात, डोळे अर्धवट उघडे. मी हाक मारली, "अनघा." काही नाही. जवळ वाकून मारली, गालावर थापट्या दिल्या, "अनघा, मी आई." तिचे डोळे छताकडंच राहिले. तेवढ्यात जुबेदा उठली, माझ्या खांद्यावरून वाकली आणि म्हणाली, "अग्न्येश्का." अगदी सावकाश, तीन तुकड्यांत, मनात चांगलं घोटून ठेवलेलं. सुनेनं मान वळवली. पूर्ण नाही, पण वळवली, आणि डोळे तिच्यावर येऊन थांबले. ओठ हलले. मी तिथंच पाहत उभी होते, आणि मला माहीत आहे की मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. झाली ती लाज.

मी बाहेर जिन्याजवळच्या लोखंडी बाकावर जाऊन बसले. माळ हातात होती, पण बोटं हलेनात. तीन वर्षं मी देवाशी मनात भांडत होते की तू हाकेला ओ देत नाहीस. आणि इथं माझ्याच घरातली एक मुलगी, आईबाप सोडून, देश सोडून माझ्या दारात आलेली, दोन वर्षं मी तिला हाक मारत होते आणि ती हाक कुठल्याशा तिसऱ्याच बाईसाठी होती. देवाची हजार नावं मला तोंडपाठ होती. सुनेचं एक नाव मला जिभेवर घ्यायचं नव्हतं. मला रडूही येईना, इतकी मी दमले होते. मी माळ पदरात ठेवली आणि कुठलंही नाव न घेता म्हटलं, "मला आता काही जमत नाही. मी ठरवलेलं सगळं चुकतंय. ही पोर तुझी आहे, तिच्या आईची आहे. तूच बघ." तेवढंच. डोळे मिटले की उघडे राहिले तेही आठवत नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही, पण जिन्यात पावलं वाजली आणि जुबेदा धापा टाकत वर आली. ती नवऱ्याचा रिपोर्ट घ्यायला खाली गेलेली होती. तिच्या हातात दोन कागद होते.

"काकू, अनघा म्हंजे तुमचीच पोरगी हाय ना?"

मी उठून उभी राहिले.

ती सांगू लागली. रिपोर्टच्या खिडकीवरचा माणूस तिच्या नवऱ्याचा कागद शोधताना ट्रेमधले कागद बाजूला करत होता. एक कागद वर आला तसा तो कुरकुरला की हा कालपासून पडून आहे, अनघा नावाचं कुणी भरती नाही, बाहेरचा पेशंट असेल, निघून गेला असेल. "मी म्हटलं, थांबा भाऊ. अनघा वरते हाय, माह्या बाजूच्या बेडवर. तिचे दोन नाव हायेत. तो मले देऊन नव्हता राह्यला, म्हणे तुम्ही कोण. मी म्हटलं, मी कोणी बी असन, तुम्ही चाला माह्यासंगं वरते." तो माणूसही तिच्या मागोमाग जिना चढत होता.

त्या कागदावर मलेरिया लिहिलेला होता, डोक्यात जाणारा वाईट प्रकार. सिस्टर धावत डॉक्टरांकडं गेली. दहा मिनिटांत औषध बदललं, शिरेतून सुरू झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं की चिठ्ठीवर वेगळं नाव कुणी दिलं होतं. मी म्हटलं, "मी." ते एवढंच म्हणाले, "काकू, उद्याच्या रिपोर्टपर्यंत थांबलो असतो, तर मी तुम्हाला काहीच सांगू शकलो नसतो."

आता हेही सांगून टाकते. पंचायत समितीत असताना अर्जावरच्या आणि दाखल्यावरच्या नावात एका वेलांटीचा फरक असला तरी मी माणसाला परत पाठवत असे. जा, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून आण. झरीकडून दोन एसट्या बदलून आलेल्या म्हाताऱ्यांनासुद्धा पाठवलं आहे. त्या मी, नावात किती जीव अडकू शकतो ते जिला पक्कं ठाऊक होतं, माझ्याच सुनेचा कागद एका नावाचा आणि खाट दुसऱ्या नावाची करून माळ ओढत बसले. मला सोडलं तर त्या अख्ख्या इमारतीत तिची दोन्ही नावं ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, आणि ते माणूस नेमकं त्या वेळी त्या खिडकीपाशी उभं होतं. कुणी याला योगायोग म्हणेल. मी नाही म्हणणार नाही. मी एवढंच जाणते की मी हात टेकले, आणि जिला मी आदल्या संध्याकाळी पाठ दाखवली होती ती बाई जिना चढून वर आली.

गुरुवारी सकाळी ताप उतरला. सुनेनं पाणी मागितलं, मराठीत. मी चमच्यानं पाजत होते. बाजूला जुबेदा संत्रं सोलत होती. मी तिला म्हटलं, "बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

ती म्हणाली, "कायचे उपकार. तुमच्या देवाचे हजार नाव, आमच्या अल्लाचे निन्यानवे. पोरीचे तर दोनच होते काकू, तेवढे याद ठेवाले काय झालं." आणि संत्र्याच्या चार फोडी माझ्या हातावर ठेवल्या. बोलण्यात टोमणा होता, पण ती हसत होती, आणि मला तो टोमणा गोड लागला.

त्याच दुपारी मी मुलाला फोन करून खरं काय ते सगळं सांगितलं. तो रडला, मग म्हणाला की तिच्या आईला जोडून देतो. पडद्यावर माझ्याच वयाची एक बाई आली, डोळे सुजलेले, अंगावर घरातलं स्वेटर. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. मी मुलाला म्हटलं, "त्यांना विचार, लेकीचं नाव कसं म्हणायचं. मला शिकवा म्हणावं." मुलानं विचारलं. ती बाई पडद्याच्या आणखी जवळ आली. मग तिनं म्हटलं, हळूहळू, लहान बाळाला शिकवावं तसं. अग्. न्येश्. का. मी मागून म्हटलं. तिनं मान हलवली, नाही, पुन्हा. न्येश्. माझी जीभ टाळूला नीट लागेना. सातव्या की आठव्या वेळेला तिनं तोंडावर हात ठेवला आणि मान डोलावली.

सून झोपलेली होती. मी खाटेशेजारी स्टूल ओढलं, पदरातली तुळशीची माळ काढली आणि मेरुमणी सोडून पहिला मणी धरला. अग्न्येश्का. दुसरा मणी. अग्न्येश्का. सुरुवातीला प्रत्येक मण्याला अडखळत होते, मधेच चुकलं की तोच मणी पुन्हा. अर्ध्या माळेपर्यंत जीभ दमली, मग हळूहळू वळायला लागली. तीन वर्षांत पहिल्यांदा जप करताना माझं लक्ष जपावर होतं. देवाला सोडून मी दुसऱ्या कुणाचं नाव माळेवर घेते आहे, हे पाप होईल का, असा विचार एकदा मनात आला आणि आपोआप गेला. त्याची इतकी नावं आहेत, त्यात आणखी एक, तो सांभाळून घेईल असं वाटलं. मला आता त्याच्यासाठीसुद्धा काही ठरवायचं नव्हतं.

पुढच्या सोमवारी घरी सोडलं. निघताना जुबेदाच्या नवऱ्याला भेटलो. सुनेनं जुबेदाला मिठी मारली आणि तिची ती वाकडीतिकडी टोपली, मला दिलेली आणि मी घरून फळं आणायला वापरत होते ती, माझी परवानगी घेऊन तिला देऊन टाकली. खाली खिडकीवर पहिल्या दिवशीचीच बाई होती. सुट्टीचा कागद काढताना तिनं वर न बघताच विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी सुनेकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, अशक्त, केस विस्कटलेले, आणि माझ्या तोंडाकडं पाहत होती. मी म्हटलं, "अग्न्येश्का."

खिडकीवरच्या बाईनं लिहून घेतलं. पण त्याआधी माझ्या मागून, अगदी हलक्या आवाजात, उत्तर आलं होतं, "ओ, आई."